पहाटे तीनला उठवणारी कंबर

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ३३. लातूरला आडतीवर मुनीम आहे, गाव औसा तालुक्यात. रोज मोटारसायकलवर जाणं-येणं आणि दिवसभर गादीवर मांडी घालून पट्ट्या लिहिणं. सव्वा वर्षापासून रात्री कंबर आणि कूस धरते. झोप चांगली लागते, पण अडीच-तीनला जाग येते ती दुखण्यानंच. कधी उजवीकडं, कधी डावीकडं, ढुंगणाच्या वरच्या अंगाला. कूस बदलायची तर बाजेची माची धरून बदलावी लागते. मोठा श्वास घेतला की बरगडीत टोचतं. शेवटी उठतो, अंगणात तुळशीभोवती चकरा मारतो. वीस-पंचवीस मिनिटांत बरं वाटतं, मग परत येऊन पडतो. बायकोची झोप मोडते. “पुन्हा उठलाव का?” एवढंच म्हणते, पण कंटाळलीय हे कळतं.

सकाळी तासभर अंग लाकडासारखं. गाडीला किक मारता येत नाही, पोरगा मारून देतो. दुकानात सौदा सुरू झाला, उठबस झाली की दुखणं कुठं जातं कळत नाही. रविवारी आराम करावा म्हणून पडून राहिलो तर सोमवार जास्त वाईट जातो.

सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा खडा निघाला. वर्षभर त्याचीच औषधं चालू आहेत, शिवाय हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं. खडा आहे तिथंच आहे. कंबरेचा एक्स-रे नॉर्मल, लघवी नॉर्मल. आई म्हणते उसण भरलीय, म्हणून शेजारच्या गावच्या एका पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाची कंबरेत लाथही खाऊन आलो. मध्ये एका ठिकाणी पुड्या मिळाल्या. त्यांनी जादू झाल्यासारखं वाटलं, पण दोन महिन्यांत तोंड सुजल्यासारखं गोल झालं, म्हणून सोडल्या. आता सगळे म्हणतात मनाचं आहे. मलाही तसंच वाटायला लागलंय. नवीन गादी घेऊ का?

ता. क. मागच्या दिवाळीत डावा डोळा लाल होऊन फार दुखला, उजेड सहन होईना. थेंबांनी बरा झाला. तो विषय वेगळा, पण सगळं लिहा म्हणता म्हणून लिहिलं.

– एक मुनीम, औसा तालुका

उत्तर : मुनीमसाहेब, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ताजा कलम तीनदा. तुम्ही हिशोबाची माणसं, नोंद बरोबर ठेवता. पट्टीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली रक्कम महत्त्वाची असते, तसा तो डोळा आहे. तो विषय वेगळा नाही.

आधी खड्याचं बोलू, कारण सव्वा वर्ष सगळा आळ त्याच्यावर आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यावं लागलं तेव्हापासून लातूरकराला मुतखडा म्हटलं की पटतंच. पाणी कमी, ऊन जास्त, त्यामुळं आपल्याकडं खडे होतात हेही खरं. पण मुतखड्याची कळ काय असते ते ज्याला आलीय त्याला विचारा. ती लाटेसारखी येते, कुशीतून जांघेपर्यंत उतरते, उलटी होते, माणूस या भिंतीकडून त्या भिंतीकडं जातो आणि त्याला कशातच चैन पडत नाही. चकरा मारून ती वीस मिनिटांत जात नाही. आणि ती कधी उजवी, कधी डावी नसते. खडा मूत्रपिंडातून खाली नळीत उतरून अडकला की कळ येते. मूत्रपिंडात शांत बसलेला ४ मिलिमीटरचा खडा बहुतेक वेळा कुणाला काही करत नाही. दुसऱ्या कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडा दिसला, असे लोक पुष्कळ आहेत. तुमचा तो उजवीकडं बसलाय आणि तुम्हाला डावीकडंही दुखतंय. मग डावीकडचं कोण करतंय?

मला जे वाटतं ते सांगते. पत्रावरून निदान होत नाही, पण कोणतं दार ठोठवायचं ते सांगता येतं. कंबरेखाली पाठीला दोन बाजूंना दोन खळगे दिसतात. त्यांच्या आत माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड कटीच्या हाडांना जोडलेलं असतं. या दोन सांध्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. काही तरुण माणसांत शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती या सांध्यांवर उलटते आणि तिथं सूज धरते. पुढं ती मणक्यांत, मणक्याला बरगडी जिथं जोडते तिथं, कधी टाचेत आणि कधी डोळ्यात जाते. मोठा श्वास घेतल्यावर टोचतं ते बहुधा त्या बरगडीच्या सांध्याचं. या आजाराला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, आजार तितका दुर्मिळ नाही.

सुजेच्या कंबरदुखीसाठी डॉक्टर पाच गोष्टी विचारतात : चाळिशीच्या आत सुरू झाली का, हळूहळू वाढली का, हालचालीनं कमी होते का, आरामानं कमी होत नाही का, आणि रात्री उठवते पण उठल्यावर बरी होते का. पाचातल्या चार जुळल्या तर संशय पक्का धरतात. तुमच्या पत्रात चार तर स्पष्ट आहेत, फक्त तुम्ही त्या तुळस, रविवार आणि मोटारसायकलची किक या भाषेत लिहिल्यात. साध्या श्रमाच्या कंबरदुखीचं उलट असतं. पोती उचलणाऱ्या हमालाची कंबर संध्याकाळी धरते आणि आडवा झाला की सुटते. तुमची आडवं झाल्यावर धरते. रात्रीच का? निजल्यावर सांधे हलत नाहीत हे एक. दुसरं म्हणजे सूज दाबणारं शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. त्यामुळं पहाटेकडं दुखण्याला मोकळं रान मिळतं. मनाचं दुखणं घड्याळ बघून रोज तीनला येत नसतं. लोकांचं सोडून द्या.

हे मी एवढ्या ठामपणे का लिहितेय? नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना, माझ्याकडं विशीतला एक मुलगा यायचा. तक्रार हीच : रात्री कंबर दुखते. मी त्याला तीन वर्षं गोळ्या देत राहिले. ऊस तोडणीला जाणारा, वाकून काम करणारा, तेव्हा कंबर दुखणारच असं मी धरून चालले होते. “रात्री उठल्यावर कमी होतं का?” हा एक प्रश्न मी त्याला विचारला नाही. मध्ये काही वर्षं तो दिसला नाही. पुन्हा आला तेव्हा माझ्या खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ बघायला त्याला गुडघे वाकवून अख्खं अंग मागं न्यावं लागत होतं. मान आणि पाठ एकसंध झाली होती. ते घड्याळ मी दुसऱ्या दिवशी खाली लावून घेतलं. याला उपाय म्हणत नाहीत हे मलाही ठाऊक होतं.

आता काय करायचं. जवळ संधिवाततज्ज्ञ असेल तर उत्तम. नसेल तर लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली मेडिसिनची ओपीडी गाठा. तिथं “कंबर दुखते” एवढ्यावर थांबू नका, या पत्राची प्रतच पुढं ठेवा, डोळ्यासकट. रक्तात ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्या बघतील. ते नॉर्मल आले तरी आजार नाही असं होत नाही. एचएलए-बी२७ नावाच्या जीनची तपासणीही सांगतील. ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, तो जीन असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. बाकी सगळ्या चित्राबरोबर जोडूनच तिचा अर्थ लागतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणता, पण तो कंबरेच्या मणक्यांचा असणार. या सांध्यांचाही काढला तरी हाडातले बदल त्यात दिसायला वर्षं लागतात. सूज लवकर दिसते ती एमआरआयमध्ये. पण चिठ्ठीवर “सॅक्रोइलियाक सांध्यांचा” असं लिहिलंय ना, ते वाचून घ्या. नाहीतर पैसे भरून कंबरेचा एमआरआय होतो आणि नेमकी हवी ती जागा राहून जाते. हे फार वेळा होतं.

मणक्याचा क्षयही त्यांनी तपासावा. आपल्याकडं तो विसरून चालत नाही. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं काही असेल तर आधी तेच सांगा. पुढं इंजेक्शनची भारी औषधं लागलीच तर ती सुरू करण्याआधीही क्षयाची तपासणी करतात, कारण त्यांनी दबलेला क्षय उठू शकतो. पण ती पुढची पायरी. बऱ्याच जणांचं वेदनाशामक सूजविरोधी गोळ्या आणि रोजचा व्यायाम एवढ्यावर भागतं. या गोळ्या तुम्ही दुकानातून स्वतः आणून खाऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या जड जातात, त्यात तुमचा खडा आणि लातूरचा उन्हाळा. लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या, खड्यासाठी तेवढं पुरे. कढण आवडत असेल तर प्या. चवीला छानच असतं.

पुड्यांत स्टेरॉइड असणार. तोंड गोल होणं ही त्याचीच खूण. सोडल्या हे बरं झालं, पण असलं औषध फार दिवस घेतल्यावर एकदम सोडणंही धोक्याचं असतं. म्हणून किती दिवस घेतल्या ते डॉक्टरांना नक्की सांगा. लाजू नका. त्यांनी असे शंभर गोल चेहरे पाहिलेत.

पायाळूची लाथ मात्र पुन्हा नको. आईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की साध्या उसणीची गोष्ट निराळी, ती चार दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय लाथेला जातं. सुजलेल्या, ताठरत चाललेल्या पाठीला बसलेला झटका मणका मोडू शकतो. कटाकट मोडून देणारे असतात, त्यांच्याकडंही नको.

तोवर रात्रीचं असं करा. निजण्याआधी गरम पाण्यानं अंघोळ, कंबरेवर पाणी जास्त. उशी पातळ घ्या, पोटावर दहा मिनिटं पडा. जाग आली की दात-ओठ खात पडून राहू नका. तुम्ही तुळशीकडं जाता ते अगदी बरोबर करता, फक्त पाच मिनिटं भिंतीला टाच, कंबर आणि डोकं टेकवून ताठ उभं राहायचं आणि छाती भरून दहा श्वास घ्यायचे, एवढी भर घाला. दुकानात दर अर्ध्या तासानं उठा, शेठजी बघत असले तरी. बिडी-सिगारेट असेल तर सोडा, या आजारात ती पाठीचं जास्त वाटोळं करते.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण कूस दुखते म्हणून पत्रं खूप येतात. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ असेल किंवा लघवीतून रक्त असेल तर मूत्रपिंड, लगेच दाखवा. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन तीन-चार दिवसांत पुरळ उठलं तर नागीण, तिचं औषध लवकर सुरू करावं लागतं. पाय लुळे पडणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडणं किंवा आपोआप होणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री गाडी काढा. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं रात्रीचं दुखणंही अंगावर काढू नका.

आणि गादीचं विचारलंत. बाजेची सुंभं सैल पडून झोळ झाली असेल तर आवळून घ्या किंवा खाली लाकडी फळी टाका, त्यावर एक गोधडी. नवीन गादीचे पैसे एमआरआयला ठेवा. तुरीचा हंगाम उरकू दे मग जाईन, असं म्हणाल, मला मुनीम माहीत आहेत. सौद्याच्या आधी सकाळी लवकर केसपेपर काढा. आणि डोळा पुन्हा लाल झाला तर थेंब शोधत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा आणि त्यांना कंबरेचंही सांगा.