वाचकांचे प्रश्न : देवघरातले चोवीस शब्द आणि क्वांटम संगणक

प्रश्न : सासऱ्यांनी घेतलेले बिटकॉइन आता माझ्याकडे आहेत. चोवीस शब्दांचा कागद देवघरात यल्लम्माच्या टाकामागे आहे. क्वांटम संगणक आला की सगळं जाणार, असं मुलगा म्हणतो. सौंदत्तीच्या डोंगरावर नवस बोलले आहे. आणखी काय करू? (खानापूर)

उत्तर : ताई, नवस जरूर फेडा. पण क्वांटम संगणकाचा रोख तुमच्या कागदावर नाहीच. त्या शब्दांतून खासगी किल्ली तयार होते (पैसे पाठवताना सही करते ती), खासगीतून सार्वजनिक (ती सही तपासायला लागते ती). उलटं जाणं आजच्या संगणकाला जमत नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली रीत मात्र पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर तेच करून दाखवेल. त्याला सुमारे २,३०० बिनचूक क्युबिट (क्वांटम संगणकाचे मूळ घटक) लागतील, असा २०१७ चा एक हिशेब आहे; आणि असा एकेक घडवायला कितीतरी कच्चे क्युबिट खर्ची पडतात. गूगलच्या डिसेंबर २०२४ च्या विलो चिपवर कच्चेच १०५ होते. तेव्हा घाबरून विकू नका, पण बिटकॉइन ज्या पत्त्यावर आहेत तो आजच तपासा.

पत्ता १, ३ किंवा बीसी१क्यू (bc1q) ने सुरू होत असेल, तर साखळीवर, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या जाहीर वहीत, सार्वजनिक किल्लीचा फक्त हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) असतो, किल्ली झाकलेली. त्या पत्त्यावरून एकदा जरी पैसे पाठवले असतील, तर सहीबरोबर ती उघड झाली आणि तिथे उरलेली रक्कम उघड्यावर आहे. बीसी१पी (bc1p) पत्त्यात ती पहिल्या दिवसापासून उघडीच. अशी रक्कम असेल तर वॉलेटमध्ये बीसी१क्यू चा कोरा पत्ता घ्या, आधी थोडी रक्कम पाठवा, ती पक्की झाली की उरलेली सगळी. नव्या पत्त्यावर कितीदाही घेतलं तरी चालतं. तिथून पाठवायची वेळ आली की सगळं एकदम हलवा. हिशेबासाठी कुणाला एक्सपब (वॉलेटची मुख्य सार्वजनिक किल्ली) दिली असेल तर त्या माणसाकडे तुमच्या सगळ्या सार्वजनिक किल्ल्या आहेत, हेही ध्यानात ठेवा.

खरी काळजी कागदाची वाटते. दसऱ्याला टाक चिंचेनं घासायला काढता, तेव्हा तो कागद कुठे असतो? समईचं तेल, कुंकवाचं पाणी, वाळवी, काहीही पुरेसं आहे. एखादा शब्द गेला तर हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात, तिच्यातले २,०४८ शब्द तपासून तो सापडतो. बरेच गेले की संपलं. स्टीलची पट्टी आणि अक्षरांचा पंच संच आणा आणि प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं क्रमांकासह ठोका. चारच पुरतात, कारण यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात. हे काम घरीच करा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात देऊ नका. पट्टी टाकामागे ठेवायला हरकत नाही. दुसरी पट्टी दुसऱ्या घरी.

प्रश्न : आमच्या सत्संगात एकजण सांगतो, कलियुगाचा हा शेवटचा टप्पा, जुनी नाणी बुडणार. गुरूंचा आशीर्वाद असलेलं ‘क्वांटम-सुरक्षित’ नाणं घ्या, त्यासाठी चोवीस शब्द त्याच्या ॲपमध्ये भरा. (निपाणी)

उत्तर : भरू नका. शब्द दिले की नाणी त्याची झाली, क्वांटम संगणकाची गरजच उरत नाही. त्याला एवढंच विचारा : सही कुठल्या पद्धतीची? क्वांटमला टिकणाऱ्या सह्यांची मानकं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली आहेत, त्यांची नावं घेता आली पाहिजेत. देवाचं नाव पुढे करून भीती विकणाऱ्याला सत्संगात सर्वांदेखत थांबवा; तिथे म्हातारी माणसं बसलेली असतात.

प्रश्न : सुरुवातीच्या काळातली बेवारस नाणी क्वांटमनं उघडता आली, तर ती घेणं अचौर्य व्रताचा भंग ठरेल का? (चिकोडी)

उत्तर : आमच्या मते ठरेल. २००९-१० च्या बऱ्याच नाण्यांची सार्वजनिक किल्ली साखळीवर थेट लिहिलेली आहे, त्यामुळे आधी तीच उघडतील. पण किल्ली हरवली म्हणजे मालकानं दान दिलं, असं होत नाही. न दिलेलं घेणं हे अदत्तादानच. कुलूप तुटलं म्हणून घर आपलं होत नाही. बिटकॉइनचे जाणकारही इथेच अडले आहेत : मुदत देऊन अशी नाणी गोठवावीत, की हात न लावता सोडावीत? गोठवणं हाही दुसऱ्याच्या मालमत्तेत हस्तक्षेपच, तरी त्यात कुणाच्या पदरात काही पडत नाही, म्हणून तो दोष आम्हाला हलका वाटतो. मुदत मात्र काही वर्षांची हवी. आजची सही ७० बाइटच्या आसपास असते, निस्टच्या एमएल-डीएसए या सहीच्या मानकातली सर्वात लहान २,४२० बाइटची. ब्लॉकमधली (साखळीच्या एकेका पानातली) जागा तेवढीच राहणार, त्यामुळे सगळ्यांची नाणी नव्या पत्त्यांवर जायला वेळ लागेल.