'रेफ्यूजिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : हवामानबदल आणि अभयारण्यं यांबद्दलच्या लेखनात 'रेफ्यूजिया' हा शब्द भेटतो. आसपास तापलं, सुकलं तरी ज्या जागा जास्त काळ गार-ओलसर राहतात आणि जिथे जीव तग धरतात, त्या जागा. मराठीत 'शरणस्थळ' म्हणावं की 'आश्रयस्थान'?

माझं मत 'आसरा'. शरण आपण हार मानून जातो. आश्रय बहुधा कोणीतरी देतं. राजाश्रय, आश्रित हे शब्द पाहा. 'निवारा' जवळचा आहे, पण तो म्हटला की डोळ्यांपुढे छप्पर येतं. 'आसरा' आला 'आश्रय'वरूनच, पण तो कोणाच्या परवानगीने मिळत नाही. सर आली की आपण झाडाचा आसरा घेतो.

आणि दुसरा 'आसरा' आहेच, साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता! तो 'अप्सरा'वरून आला, म्हणून त्याचं 'आसरांना' होतं. आपल्या शब्दाचं 'आसऱ्याला'. व्युत्पत्ती वेगळी, तरी या आसरा राहतात कुठे, तर डोहात. उन्हाळ्यात नदी दगडांमधून बारीक धार होऊन वाहते, तेव्हा मासे जगतात तेही डोहातच. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानतात, कोणी धरत नाही. रेफ्यूजियाचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

मग 'अभयारण्य' पुरे नाही का? त्यातलं अभय बंदुकीपासून, कुऱ्हाडीपासून आहे. त्याची हद्द अधिसूचनेत एकदा आखली जाते. उष्मा ती जुमानत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या थंडाव्यावर जगणाऱ्या वनस्पतीला ऊन वाढलं तर वर सरकावं लागेल, पण कळसूबाई १६४६ मीटरवर संपते. म्हणून हद्दीच्या आत-बाहेर घळी, झरे, देवराया, डोह हेरायचे, ते राखायचे आणि प्राण्यांना ये-जा करता येईल अशा भ्रमणमार्गांनी जोडायचे. हद्दीच्या राखणीइतकंच हे कामही मला महत्त्वाचं वाटतं.

तांत्रिक मजकुरात 'हवामान-आसरा', अनेकवचन 'हवामान-आसरे' असं लिहावं. एरवी नुसतं 'आसरा' पुरतं : 'पंप लावून उपसा असाच चालू राहिला, तर माशांचा हा शेवटचा आसरा जाईल.' हे वाक्य वनरक्षकाला आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला सारखंच कळतं.