गरोदरपणात चेहरा-केस: आधी एवढंच बघ

अभिनंदन गं! नवीन काही विकत घेण्याआधी घरातल्या ट्यूबा तपास.

- रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडॅपलीन (मुरमं-सुरकुत्यांच्या क्रीममध्ये असतात) आणि हायड्रोक्विनोन (डाग फिके करणाऱ्या क्रीममध्ये असतं) आजपासून बंद. मेडिकलवाल्याने दिलेली 'गोरं करणारी' क्रीम तर नकोच; त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. मुरमांच्या गोळ्या चालू असतील तर आजच डॉक्टरांना विचार.
- गालांवर वांग येऊ शकतात, ते उन्हाने गडद होतात. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लाव, ढगाळ दिवशीही. लिंबू चोळू नकोस, आग होईल आणि डाग वाढतील.
- पोटाला खोबरेल लाव, खाज कमी होते. पण स्ट्रेच मार्क्स कुठल्याच तेलाने हमखास टळत नाहीत. महागड्या बाटल्यांचे पैसे वाचव.

केस सध्या दाट वाटतील. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके गळतात आणि सगळ्या घाबरतात. बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. 'बाळ हसायला लागलं की केस गळतात' असं आजी म्हणायच्या, तो हिशोब बरोबरच आहे!

एकच गोष्ट अंगावर काढू नकोस. पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खूप खाज सुटली तर लगेच डॉक्टरांना सांग. यकृताची तपासणी लागू शकते.

सीरमं वगैरे नंतर बघू.