टक्केवारीत आपण कितवे?

देशोदेशींच्या लोकांची मतं मोजणाऱ्या सर्वेक्षणांवर मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. ‘सगळे सर्वेक्षणवाले विकले गेलेत’ एवढंच कळवणाऱ्यांना उत्तर द्यायचं कारण दिसत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. नॉर्वे-स्वीडनमध्ये दहातले सहा-सात जण म्हणतात, बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो. कोलंबियात दहातला एकही तसं म्हणत नाही. भारतही बराच खाली. आपण मुळातच संशयी आहोत का? – निवृत्त बँक अधिकारी, सहकारनगर

तक्ता खोटा नाही. असे आकडे बहुतेक वेळा ‘वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे’मधून येतात. १९८१ साली सुरू झालेला हा प्रकल्प रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने वाढवला. त्यातला प्रश्न साधारण असा : बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं? उत्तरं दोनच, त्यातलं एक निवडायचं.

हाच प्रश्न मी एकदा कसबा पेठेतल्या वाड्यात एका आजींना विचारला होता. त्यांनी भाजी निवडता निवडता मलाच उलट विचारलं, “बहुतेक म्हणजे कोण गं? वाड्यातले का बाहेरचे?” प्रश्नावलीत याचं उत्तर नव्हतं आणि मला माझ्या पदरचं काही सांगायची मुभा नव्हती. मी प्रश्न पुन्हा जसाच्या तसा वाचला. आजी म्हणाल्या, “मग जपूनच राहावं.”

आजींनी अगदी मर्मावर बोट ठेवलं होतं. डेल्हाय, न्यूटन आणि वेल्झेल या तिघा संशोधकांनी २०११ साली नेमकं हेच तपासलं. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत घरचे, शेजारी, ओळखीचे, पहिल्यांदाच भेटलेले, दुसऱ्या धर्माचे आणि दुसऱ्या देशाचे अशा सहा गटांवरचा विश्वास वेगवेगळा विचारला होता. तो ताडून पाहिला, तेव्हा ‘बहुतेक लोक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं वर्तुळ देशागणिक लहान-मोठं असल्याचं दिसलं. चीनमध्ये ते बरंच आखूड निघालं. त्यामुळे साध्या प्रश्नात वरच्या रांगेत बसणारा चीन हा हिशेब धरल्यावर खाली सरकला.

तेव्हा तक्त्यावरून स्वभाव ठरवू नका. कसलाही कागद न करता महिन्याच्या महिन्याला भिशीत पैसे टाकणारी बाई सर्वेक्षणात ‘जपून राहावं लागतं’ म्हणते, आणि ती दोन्हीकडे खरी असते. भिशीतल्या बायका तिच्या माहितीतल्या असतात. अनोळखी माणसाने फसवलं तर दाद कुठे मागायची, पोलीस तक्रार लिहून घेतील का, कोर्टात किती वर्षं जातील, हेही तिला ठाऊक असतं. जिथे ही यंत्रणा चालते तिथे परक्यावर विश्वास टाकणं स्वस्त पडतं. स्वीडन आणि आपल्यातल्या अंतराचा मोठा भाग इथे आहे, असं माझं मत.

प्रश्न : दीड-दोन हजार माणसांना विचारून १४० कोटींचं मत कसं कळतं? मला तर आजवर कुणी विचारलेलं नाही. – वाचक, सदाशिव पेठ

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. फक्त शीत कुठून उचललं ते महत्त्वाचं. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली, तर हजार जणांच्या नमुन्यात चूक साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते, मग देश न्यूझीलंडएवढा असो की भारताएवढा. चूक निम्मी करायची तर मात्र नमुना चौपट लागतो. आणि देशासाठी पुरेसा असलेला नमुना एकट्या महाराष्ट्राबद्दल बोलायला पुरत नाही, हे वाहिन्यांवर सोयीस्करपणे विसरलं जातं.

नुसता आकार कामाचा नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार, लँडन जिंकणार असं भाकीत त्यांनी केलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांमधून काढली होती.

प्रश्न : एकीकडे लोक म्हणतात लोकशाही चांगली, दुसरीकडे संसद-निवडणुकांची पर्वा न करणारा खंबीर नेताही चांगला. प्रश्न न ऐकताच उत्तरं देतात का? – शिक्षिका, चिंचवड

नाही हो, प्रश्न नीट ऐकतात. पण हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारले जातात. प्रत्येकाला ‘खूप चांगलं’पासून ‘खूप वाईट’पर्यंत उत्तर द्यायचं असतं, दोन्हींतलं एक निवडा असं कुणी म्हणत नाही. त्यात दारात उन्हातान्हातून आलेल्या मुलीला तोंडावर ‘नाही’ कशाला म्हणा, अशी आपली रीत. अशी होला हो मिसळायची सवय सगळीकडे आहे, पण सारख्या प्रमाणात नाही. देशांची तुलना त्यामुळेच फसते.

म्हणून नुसतं ‘लोकशाही हवी का’ विचारून भागत नाही, लोकशाही म्हणजे काय हेही विचारावं लागतं. दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ संस्थेतल्या ‘लोकनीती’ या अभ्यासगटाच्या पुढाकाराने २००४-०५ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या पाच देशांत १९ हजारांहून अधिक लोकांशी बोलून अभ्यास झाला, त्यात ही काळजी घेतली होती. तेव्हा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे सुहास पळशीकर त्या अभ्यासात होते. दक्षिण आशियाला युरोपच्या फूटपट्टीने मोजायचं नाही, ही त्यांची भूमिका मला आजही पटते.

शिवाय जो अंतर्विरोध आपल्याला दिसतो, तो उत्तर देणाऱ्याला अनेकदा जाणवतही नाही. ‘प्यू’ या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२०मध्ये भारतात सुमारे ३० हजार लोकांना प्रत्यक्ष भेटून धर्माविषयी विचारलं. खरा भारतीय असायला सगळ्या धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं, असं ८४ टक्के म्हणाले. आपल्या स्त्रियांनी धर्माबाहेर लग्न करू नये हे फार महत्त्वाचं, असं हिंदूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश म्हणाले, आणि मुसलमानांत हे प्रमाण त्याहून जास्त निघालं. आदर करा, पण आपापल्या घरात राहून. मला हे आवडत नाही, पण लोकांचं म्हणणं गोंधळलेलं नाही, स्पष्ट आहे.

भीतीची गोष्ट निराळी. रशियात २०१५ साली संशोधकांनी निम्म्या लोकांना काही नेत्यांची यादी दिली आणि उरलेल्यांना त्याच यादीत पुतिन यांचं नाव घालून दिली. ‘यांतल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे’ एवढंच विचारलं, कोणाला ते नाही. दोन्ही सरासरींतला फरक म्हणजे पुतिन यांचा पाठिंबा. थेट विचारल्यावर मिळालेल्या आकड्यापेक्षा तो कमी भरला, पण घट साधारण १० टक्क्यांच्या आतलीच होती. लोक घाबरून बोलतात, हे गृहीत न धरता असं तपासून बघता येतं.

प्रश्न : २०२४च्या जागतिक आनंद अहवालात भारत १२६वा आणि पाकिस्तान १०८वा! भ्रष्टाचार, उत्पन्न वगैरे मोजूनच क्रम लावतात ना? – वाचक, हडपसर

नाही. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीचे लोक दर देशात वर्षाला साधारण हजार जणांना एका शिडीची कल्पना करायला सांगतात. तळाशी शून्य, माथ्यावर दहा. तुमचं आयुष्य आज कितव्या पायरीवर आहे? या उत्तरांची तीन वर्षांची सरासरी म्हणजे क्रम. उत्पन्न, आधार, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टी फरक का पडला ते समजून घ्यायला मागाहून वापरतात.

माझी पाचवी पायरी आणि लाहोरच्या बाईची पाचवी पायरी एकाच उंचीवर आहे का, ही खरी अडचण. गॅरी किंग हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन आणि मेक्सिकोत ‘सरकारी कारभारात तुमचं म्हणणं किती चालतं’ असं विचारलं, तर चिनी लोकांनी स्वतःला मेक्सिकोवाल्यांपेक्षा जास्त गुण दिले. मग दोघांनाही काही काल्पनिक माणसांच्या त्याच गोष्टी वाचून दाखवल्या आणि त्यांना गुण द्यायला सांगितलं. त्या मापाने उत्तरं पुन्हा लावली, तर क्रम उलटा झाला. तेव्हा १२६ आणि १०८ यांवरून शेजाऱ्याशी भांडण उकरू नका.

प्रश्न : मॅडम, मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नोकऱ्या कमी असतील तर पुरुषांचा हक्क आधी’ या विधानावर भारत आणि जर्मनीची तुलना करतेय. भारताची सरासरी विचित्र येते. काय चुकतंय? – विद्यार्थिनी, कर्वेनगर

पहिल्यांदा ‘माहीत नाही’ काढून टाकलंस का ते बघ. वर्ल्ड व्हॅल्यूजच्या फाइलमध्ये ‘माहीत नाही’ला उणे १ आणि ‘उत्तर दिलं नाही’ला उणे २ असा संकेतांक असतो. ते आकडे सरासरीत तसेच शिरले, की सगळं गणित ‘पूर्ण सहमत’कडे ओढलं जातं, कारण त्याला १ आहे. बहुतेक नवशिके इथेच ठेचकाळतात. पण काढण्याआधी ती उत्तरं कोणाची आहेत ते मोज. आपल्याकडे त्यांत कमी शिकलेल्या बायका जास्त असतात. त्यांना वगळून उरलेली सरासरी ही ‘भारताची’ सरासरी नव्हे, हे प्रबंधात लिही.

दुसरं, हेच विधान आधीच्या फेऱ्यांत तीन पर्यायांत विचारायचे, सातव्या फेरीत पाच पर्याय आले. जुन्या-नव्या फेऱ्या थेट जोडू नकोस, आधी एका मापात आण. आणि नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांना त्यांच्या खऱ्या प्रमाणाएवढं वजन, म्हणजे भार, द्यायला विसरू नकोस.

तिसरं जरा कडू आहे. दोन देशांवरून ‘फरक संस्कृतीमुळे’ असं सिद्ध होत नाही. भारत आणि जर्मनीत शंभर गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुझ्याकडे दोनच देश. देशाच्या सरासरीवरून माणसांबद्दल बोलणंही टाळ. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं, की परदेशात जन्मलेले लोक जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, पण परदेशात जन्मलेल्या माणसांत ती जास्तच होती. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. त्यापेक्षा देशाच्या आतलं अंतर मोज : शिकलेल्या आणि न शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या बायकांत भारतात किती फरक, जर्मनीत किती. तो आकडा जास्त टिकतो.

प्रश्न : मी सर्वेक्षणाला घरोघर जाते. बाणेर-वाकडच्या सोसायट्यांत वॉचमन आतच सोडत नाही. सुपरवायझर म्हणतात, शेजारचं घर घ्या आणि फॉर्म भरा. असं चालतं का? – सर्वेक्षक, पिंपळे गुरव

ताई, चालत नाही. शेजारचं घर घेतलं की दुपारी घरी असणारे आणि दार उघडणारेच लोक जमा होतात. दर दोन वर्षांनी होणाऱ्या ‘युरोपियन सोशल सर्व्हे’मध्ये अशी अदलाबदल नियमानेच बंद आहे. जर्मनीत उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण अलीकडे ३० टक्क्यांच्या आसपास घसरलंय, तरी ते आकडा लपवत नाहीत.

संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र आधी सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींना द्यायला लावा, ओळखपत्र गळ्यात ठेवा, संध्याकाळी साडेसातनंतर किंवा रविवारी सकाळी जा. एकाच घरी वेगवेगळ्या वेळी तीन-चार खेपा घाला. तरी दार उघडलं नाही तर फॉर्मवर तसंच लिहा : ‘कुलूप’, ‘नकार’, ‘वॉचमनने अडवलं’. तिन्ही वेगळं लिहा. आणि यादीतल्या कुठल्या घराऐवजी कुठलं घर घ्यायचं, हे सुपरवायझरकडून लेखी मागा. बहुतेक वेळा तो आग्रह तिथेच थांबतो.