आधी मंडळीचा सूर शोध

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

चर्चच्या उपासनेत वाद्य वाजवणं हे आपलं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की नुसती संगीताची ओढ, असं तू विचारलंस. आतल्या आवाजावरून याचा निकाल लावू नकोस. तू वाजवतोस तेव्हा मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले लोक, गाते का, ते बघ. लोक ओठ मिटून तुझ्याकडे बघत उभे असतील, तर तो कार्यक्रम झाला. वादन कितीही सुंदर असो, उपासना चालवणं राहूनच गेलं.

लोक गात नाहीत याचं पहिलं कारण बहुतेक वेळा अध्यात्माचं नसतं, पट्टीचं असतं, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरला याचं. रेकॉर्डिंगमधला गायक त्याच्या उंच आवाजाला शोभेल अशी पट्टी घेतो. तीच तू उचललीस की ध्रुपदाला, म्हणजे कडव्यामागून परत येणाऱ्या ओळींना, पुरुष गप्प होतात आणि बायका खालच्या सप्तकात उतरतात. म्हणून पट्टी ठरवताना गाण्याचा पहिला स्वर सोड, सर्वांत वरचा शोध. साधारण मंडळीला हार्मोनियमवरची खाली पांढरी सहा (ए) आणि वर पुढच्या सप्तकातली पांढरी दोन (डी), एवढा पल्ला झेपतो. वर पांढरी तीन क्षणभर चालते, त्यावर मुक्काम नको. समजा चाल मध्य सा पासून तार ग पर्यंत जाते. मग सा काळी पाचवर (बी फ्लॅट) धर, म्हणजे वरचा ग बरोबर पांढरी दोनवर येतो. गिटारवर तिसऱ्या घरात कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून जी पट्टीतल्या कॉर्डचे आकार वाजव. ही पट्टी तुझ्या गळ्याला बसत नसेल, तर ध्रुपद दुसऱ्या कुणाला उचलू दे. पट्टी मंडळीची असते, तुझी नाही.

लय धरतानाही एक चूक ठरलेली. कडवं मोकळं असतं म्हणून ते सावकाश सुरू होतं, आणि ध्रुपदाला आवाज वाढला की सगळे धावू लागतात. मोजणी देण्याआधी ध्रुपदाची एक ओळ मनात गा आणि त्या लयीत चार मात्रा दे. सरावात मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेव आणि गाण्याची लय ७६ असेल तर चार-चारने चढ. अडखळलास की दोन पायऱ्या खाली ये. रोज ४० मिनिटं पुरतात, पण रोज.

वाद्यवृंदात गर्दी कुठे होते, तेही ऐकायला शीक. बास गिटार असेल तर कीबोर्डवाल्याचा डावा हात जवळजवळ रिकामा हवा, नाहीतर खालचे सूर एकमेकांत कालवले जातात आणि लोकांना सा सापडत नाही. माणूस स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तरच गातो. तेव्हा शेवटच्या ध्रुपदाला सगळी वाद्यं थांबवून बघ. आवाज टिकला तर तुझं काम नीट चाललंय. नवीन गाणं एका रविवारी एकच घे आणि पुढचे दोन रविवार तेच पुन्हा घे. पडद्यावर शब्द दाखवणाऱ्याला कडव्यांचा क्रम लिहून दे. पुढची ओळ आधीच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर दिसायला हवी, संपल्यावर नाही.

पाळक (मंडळीचे धर्मगुरू) प्रार्थना करत असताना मागे वाजवायचं असेल तर पट्टीतली पहिली आणि चौथी कॉर्ड, मधल्या सप्तकात, बस. तिथे चाल वाजवलीस की लोक मनात तिचे शब्द म्हणू लागतात आणि प्रार्थना निसटते. कधी काहीच न वाजवणं उत्तम. वादकांना हे सर्वांत जड जातं.

आता श्रद्धेचं. शांततेनंतर अचानक आवाज चढला की अंगावर काटा येतो, तो कुठल्याही सभागृहात येतो. त्यालाच पवित्र आत्म्याची साक्ष समजू नकोस. गाण्याच्या शब्दांपेक्षा सुरानेच आपण अधिक हेलावतो, याची प्राचीन काळच्या ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीनलाही टोचणी होती, आणि तरीही त्याने मंडळीतलं गाणं टाकून दिलं नाही. ती टोचणी तुझ्याकडेही असू दे. कौशल्याबद्दल मात्र अपराधी वाटून घेऊ नकोस. बायबलमधल्या १ इतिहास १५ मध्ये लेव्यांचा पुढारी कनन्या याच्याकडे गायनाची जबाबदारी आली ती तो त्यात निपुण होता म्हणून. २५ व्या अध्यायात २८८ शिकलेले गायक मोजले आहेत, आणि सेवेच्या कामासाठी चिठ्ठ्या टाकताना गुरू-शिष्य असा भेद केलेला नाही.

रोज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाद्याशिवाय, मोठ्याने वाच. १५० पैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं. तुझ्या यादीतली पाचही गाणी आनंदाची असतील, तर त्या आठवड्यात घरात मयत झालेल्या माणसाने काय गायचं? प्रत्येक गाण्याचे शब्द चाल बाजूला ठेवून वाच. वाचायला पोकळ लागले तर गाणं वगळ, चाल कितीही लाडकी असो. आणि महिन्यातून एका रविवारी वाद्य घरी ठेवून मंडळीत बस. त्या दिवशी गावंसं वाटलं नाही, तर ते लपवू नकोस, पाळकांशी बोल.

पाळक ऐनवेळी एखादं गाणं काढायला सांगतील. काढ. कारण सोमवारी विचार.

येत्या रविवारच्या प्रत्येक गाण्यासमोर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर लिहून यादी पाठव. पट्ट्या तू ठरव, मी फक्त तपासतो.

तुझा,
एक जुना वादक