कापूसतळणीच्या बंद रेल्वे स्टेशनचा इतिहास काय? शकुंतला रेल्वे अजून इंग्रजांच्याच मालकीची आहे, हे खरं का?

दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून आधी त्याचंच. नाही, खरं नाही. दर पंधरा ऑगस्टला ‘भारतातली शेवटची गुलाम रेल्वे’ असा मेसेज फिरतो आणि दर वर्षी माझा साडू तो मला न चुकता पाठवतो.

शकुंतला म्हणजे विदर्भातली अरुंद रुळांची (नॅरोगेज) लाइन, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिचा कारभार मुंबईची किलिक निक्सन बघायची. पेढी 1857 सालची, साहेबांनी काढलेली हे कबूल, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. 1951 च्या आसपास बहुतेक लाइनी सरकारी रेल्वेत गेल्या, ही खासगी राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि मालकीचा मोबदला घ्यायचा कंपनीने, असा करार. आता यात लंडन कुठून आलं? मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की पैसा कोणी घालायचा हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. माझ्या मते लाइन त्यात गेली.

माझे वडील याच लाइनीवर कीमन होते, गावात म्हणतात तसं चाबीवाले. पहाटे हातोडा, पाना आणि लाल-हिरवी झेंडी घेऊन निघायचे आणि आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचे. सुट्टीच्या दिवशी मीही मागे मागे. चाबी म्हणजे रूळ जागच्या जागी धरून ठेवणारी लोखंडी पाचर. तिच्यावर हातोडा मारला की घट्ट चाबी खणकन वाजते, ढिली बद्द वाजते. वडील वाकून बघायचेच नाहीत, नुसत्या आवाजावर थांबायचे, दोन ठोके द्यायचे आणि पुढे. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. अडीच फुटी रूळ अशा जमिनीवर सरळ ठेवणं म्हणजे रोजचं भांडण. पावसाळ्यात एका रात्रीत एक बाजू खाली बसायची. मग रूळ दुरुस्त करणारी गँग यायची, पहार लावून रुळाखालचे स्लीपर उचलायची, खाली गिट्टी ठोसायची आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. गाडी हळू का धावायची याचं उत्तर तिथे होतं, इंजिनात नव्हतं.

साडूची त्याच रस्त्यावर काळीपिवळी जीप होती. एका लग्नाच्या पंगतीत तो वडिलांसमोरच म्हणाला, “कोन बसे त्या गाडीत? पायी जानारा पयले पोचे.” वडिलांनी पोळी मोडता मोडता विचारलं, “पाहुने, तुमच्या जीपच्या चाकाचे नट कोनी रोज पायते काय?” पंगत हसली, विषय तिथे संपला, पण माझ्यासाठी संपला नाही. लोकांनी गाडी सोडली म्हणून ती बंद पडली, हे साफ खोटं आहे. दिवसाला एक फेरी ठेवायची आणि वर लोक बसत नाहीत म्हणायचं! तरीही बाया भाजीच्या टोपल्या घेऊन बसायच्याच, कारण एसटीच्या मानाने तिकीट नगण्य होतं.

आता तुमचं स्टेशन. मूर्तिजापूर-अचलपूर फाटा साधारण 76 किलोमीटरचा, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सुरू झालेला. दर्यापूर, लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट करत गाडी अचलपूरला जायची. सगळा खटाटोप कापसासाठी. जिन-प्रेसमधल्या (सरकी काढून कापूस दाबायच्या कारखान्यातल्या) गाठी मूर्तिजापूरला न्यायच्या, तिथे हमालांच्या पाठीवरून मोठ्या लाइनीच्या (ब्रॉडगेज) डब्यात आणि पुढे मुंबई बंदर. याच कंपनीचे दुसरे फाटे मूर्तिजापूर-यवतमाळ आणि पुलगाव-आर्वी. वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. शेवटच्या काळात स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता. गाडीवरचेच लोक उतरून तिकिटं द्यायचे. फाटक आलं की गाडी उभी, एक जण उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे जाणार, तो फाटक उघडून परत चढणार. साडूला यात विनोद दिसतो.

प्रोजेक्टसाठी लिहिताय म्हणता, तर पडक्या इमारतीचे फोटो पुरे झाले. गावातले म्हातारे हमाल आणि गँगमन शोधा, त्यांना बोलतं करा. अंजनगावच्या पानमळेवाल्यांना विचारा त्यांचा माल कशाने जायचा. आणि कोणी ‘गाडी तोट्यात होती’ म्हणालं की त्याची स्वतःची जीप होती का, तेही विचारा.

हो, एक कबूल करायला हवं. गाडी खरोखरच फार हळू होती. बाळंतीण किंवा तापलेलं पोर घेऊन कोणी तिच्यात बसत नसे, आम्हीही नाही. तशा वेळी साडूचीच जीप यायची आणि तो पैसे घेत नसे. 2016 साली रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी ब्रॉडगेजची घोषणा केली होती, तेव्हा गावात पेढे वाटले होते. ते वाटणाऱ्यांतही तो होता.

यवतमाळ फाट्याचं मला विचारू नका. त्या फाट्यावरच्या दारव्ह्याकडचं कोणी वाचत असेल तर त्यांनी लिहावं.