समोरचा टॉवर की कानाचा मोबाईल?

प्रश्न : समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आलाय. सुनेला सातवा महिना आहे. टॉवर काढावा म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. मुलाने फोनला लावायचं ‘रेडिएशन शोषणारं’ स्टिकरही आणलंय. त्याचा उपयोग होतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सह्यांचा कागद जरा बाजूला ठेवा. सुनेच्या फोनवर *#०७# दाबा. बहुतेक फोनवर एक आकडा दिसतो, ‘एसएआर’. शरीरात किलोमागे किती वॅट ऊर्जा मुरते, ते त्यावरून कळतं. आपल्याकडे मर्यादा १.६, तीही एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर, १ सप्टेंबर २०१२ पासून. मात्र हा आकडा फोन पूर्ण जोर लावत असतानाचा. रोजच्या वापरात तेवढा जोर क्वचितच लागतो.

कधी लागतो? रेंज नसते तेव्हा. नोकरीत असताना मी मीटर घेऊन टॉवर तपासत फिरायचो. वाईच्या एका वाड्यात माजघरात बसून घरी फोन लावला. भिंती हातभर जाडीच्या, रेंजची एकच काडी. दहा मिनिटांत कानाची पाळी गरम! (ती बरीचशी बॅटरीची ऊब, पण बॅटरी दमत होती ती टॉवरला हाका मारून.) ओट्यावर आलो, चार काड्या दिसल्या, फोन निवला. म्हणजे तुमचा टॉवर गेला, तर सुनेच्या कानाशी असलेला फोनच जास्त ओरडणार. स्टिकरचंही तेच : लहरी खरंच अडवल्या तर फोन जोर वाढवणार, नाही अडवल्या तर पैसे वाया.

टॉवरचा झोत आडवा, क्षितिजाकडे जातो, त्यामुळे थेट खाली दिव्याखाली अंधार. शिवाय २०१२ मध्येच आपण टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. तरी शंका असेल, तर दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर शुल्क भरून मोजणी मागता येते.

कर्करोगाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘शक्यता आहे’ या २-ब गटात टाकल्या. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा अपुरा, एवढाच त्याचा अर्थ.

सुनेला सांगा, लांबलचक बोलायचं तर स्पीकरवर किंवा वायरच्या इअरफोनने, आणि खिडकीपाशी बसून. रात्री फोन उशाखाली नको, कपाटावर ठेवा. गजर तिथूनही ऐकू येतो.